शेवटच्या रांगेतला हात

मॅडम हात वर करायच्या तो पूर्ण वर. कोपरात वाकवलेला, दिसला तर दिसला असा अर्धा हात त्यांचा कधी नसायचा. शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर त्या बसायच्या. व्याख्यान संपून टाळ्या ओसरल्या की तो हात सरळ पंख्याच्या दिशेनं जायचा आणि बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरायच्या. अध्यक्षांची नजर तिथवर पोचेपर्यंत हात खाली यायचा नाही. एकदा मी गंमत म्हणून घड्याळ लावून बघितलं होतं. चार मिनिटं. मग अध्यक्ष नाइलाजानं म्हणाले, "हं, मागं कोणीतरी आहे वाटतं," आणि मॅडम उठून म्हणाल्या, "एक विचारू का?"

विचारायच्या ते बहुतेक वेळा एकच. "सर, तुम्ही आत्ता म्हणालात, एका स्थानिक शेतकऱ्याकडून माहिती मिळाली. त्याचं नाव काय हो?"

सभागृहात हशा पिकायचा. वक्ता माइकशी चाळा करायचा, कारण नाव त्याला ठाऊक नसायचं. कधीकधी तो म्हणायचा, "मॅडम, ते महत्त्वाचं नाही." त्यावर मॅडम शांतपणे म्हणायच्या, "बरं. त्याला महत्त्वाचं असंल म्हणून विचारलं," आणि बसायच्या. आमचे रसायनशास्त्राचे सर माझ्या कानाशी लागून म्हणायचे, "तेरखेड्याचा फटाका आहे. वात लहान, आवाज मोठा." मी हसायचो. मी त्या काळात बऱ्याच गोष्टींना हसायचो.

तुम्ही आमच्याकडच्या कॉलेजांतल्या परिषदांना गेला असाल, तर ही माणसं तुम्हीही पाहिली असतील. मंचावर बसणारी वेगळी, पहिल्या रांगेत बसणारी वेगळी आणि दारापाशी बसणारी वेगळी. दारापाशी बसणारी तालुक्याच्या कॉलेजातून एसटीनं किंवा जीपनं आलेली असतात, आणि त्यांच्या बोलण्याची वेळ जेवणानंतर, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात असते. मॅडम लोहाऱ्याकडच्या. आमचं कॉलेज जिल्ह्याच्या गावचं. त्या आमच्याकडं बदलून आल्या तेव्हा मी प्राणिशास्त्र विभागाचा प्रमुख होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि प्रमुख असल्याचं मला रोज सकाळी नव्यानं आठवायचं.

मॅडमचं काम शेळ्यांच्या गोचिडांवर होतं. आमच्या जिल्ह्याची काळी, लांब कानांची शेळी साऱ्या देशात माहीत आहे, पण तिच्या कानात किती गोचिडं असतात हे दारोदार जाऊन मोजणारी बाई मी एकच पाहिली. सुटीच्या दिवशी त्या तीन-चार गावं करायच्या. सोनारीला देवदर्शनाला गेल्या तरी येताना पर्समध्ये गोचिडं घेऊन यायच्या. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या त्यांनी जमवल्या होत्या. त्यात थोडं स्पिरिट, त्यात गोचीड, वर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर आधी शेळीच्या मालकाचं नाव, मग गाव, मग महिना, आणि सगळ्यात शेवटी गोचिडाचा तपशील.

"मॅडम, गोचिडाच्या बाटलीवर गोचिडाचं नाव पहिलं लिहितात," मी एकदा म्हणालो.

"गोचिडाचं नाव मला अजून पक्कं कळलं न्हाय, सर. माणसाचं कळलंय. जे कळलंय ते आधी लिवलं."

चार वर्षं मोजून त्यांच्या हाती एक साधी गोष्ट लागली होती. दगडी भिंतीला बांधलेल्या शेळीच्या अंगावर गोचिडं जास्त, अंगणात मधोमध खुंटीला बांधलेल्या शेळीच्या अंगावर कमी. रक्त पिऊन फुगलेलं गोचीड गळून भिंतीच्या फटीत लपतं आणि अंधारलं की पुन्हा बाहेर पडतं, असा त्यांचा कयास होता. हे खरं ठरलं तर औषध लागणार नव्हतं, खुंटी चार हात सरकवली की झालं. पण ते गोचीड नेमकं कोणत्या जातीचं, हे जाणकारानं सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायला हवं होतं. त्याशिवाय कुणी ते छापलं नसतं आणि कुणी मानलंही नसतं.

आम्ही परिषद घ्यायची ठरवली, विषय कोरडवाहू भागातली जीवसृष्टी, आणि समन्वयक मी. प्रमुख वक्ते म्हणून गोचिडांवर हयात घालवलेले एक मोठे शास्त्रज्ञ यायला तयार झाले. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. हात वर केला नव्हता, पण उभं राहणं तसंच होतं.

"एक विचारू का, सर? माझं वाचन त्यांच्यासमोर व्हईल असं ठेवता येईल का? पंधरा मिनिटं लई झाली. मला फक्त बाटल्या दाखवायच्यात."

"तुमचंच आहे मॅडम कॉलेज," मी म्हणालो. "दुपारी दोनला ठेवतो. ते अध्यक्ष असतील त्या सत्राला."

आणि त्याच दमात पुढं म्हणालो, "तेवढं स्वागत समितीत तुमचं नाव घातलंय. बायका कमी आहेत आपल्याकडं. तुम्ही सीनियर, ताट तुम्ही धरा."

आमच्याकडं ही रीतच आहे. सत्काराचं ताट म्हणजे शाल, नारळ, गुच्छ आणि हळदीकुंकवाची कोयरी. ते घेऊन पाहुण्यांच्या मागं मंचावर उभं राहायचं आणि एकेकाच्या सत्काराला पुढं सरकवायचं. ते काम बाईमाणसाकडं जातं. कधी ठरवून नाही, पण दरवेळी जातं. समितीतल्या सगळ्या जणींनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या, असंही मीच पत्रकात लिहिलं होतं. मॅडमनी मोरपंखी साडी विकत घेतली. मला म्हणाल्या, "हिच्यात कुणी मला शास्त्रज्ञ म्हणंल का न्हाय ठाऊक न्हाय, पण फोटो झकास येईल."

उद्घाटन दहाचं होतं. पाहुणे साडेअकराला आले. मंचावर चौदा खुर्च्या होत्या आणि चौदा जणांचा सत्कार होता. मी माइकवरून एकेक नाव पुकारत होतो. मॅडम ताट घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या. मध्येच मला विनोद करायची लहर आली. एका पाहुण्यांना मी सांगितलं, "साहेब, ताट धरलंय त्या आमच्या शेळीवाल्या मॅडम. जपून, अंगावर काहीतरी चढेल!"

सभागृह खदखदून हसलं. मॅडमही हसल्या. हातात ताट असताना माणूस दुसरं काय करणार? त्या दिवसापासून त्यांचं नाव शेळीवाल्या मॅडम पडलं. विद्यार्थ्यांपासून शिपायांपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. ते नाव मी दिलं, हे आता कुणाला आठवत नाही. मला आठवतं.

जेवणं अडीचला उरकली. दोनचं सत्र पावणेतीनला दुसऱ्या मजल्यावर सुरू झालं. शास्त्रज्ञ अध्यक्षस्थानी होते, पण त्यांना साडेतीनला निघायचं होतं. मॅडमचा क्रमांक तिसरा. त्या बाटल्यांचा खोका मांडीवर घेऊन बसल्या होत्या, असं मागाहून कळलं. इतक्यात सभागृहात आमच्या संस्थेचे एक जुने पदाधिकारी येऊन पोचले. उद्घाटनाला त्यांना यायला जमलं नव्हतं. त्यांचा सत्कार राहून चालणार नव्हता. मी माइक हातात घेतला. आमच्या माइकचा आवाज तीन मजले जातो.

"स्वागत समितीच्या मॅडमनी ताट घेऊन ताबडतोब मंचावर यावं. शेळीवाल्या मॅडम, कुठं आहात?"

त्या खाली आल्या. ताट घेतलं. पदाधिकाऱ्यांनी सत्कारानंतर दोन शब्द बोलायचं मनावर घेतलं आणि ते पंचवीस मिनिटं बोलले. मॅडम त्यांच्या मागं रिकामं ताट घेऊन उभ्या होत्या, कारण मंचावरून मध्येच उतरणं बरं दिसलं नसतं. मला दुसऱ्या मजल्याची आठवणच नव्हती. वर त्यांचं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि कागदावर "अनुपस्थित" अशी खूण झाली.

भाषण संपल्यावर त्या धावत जिना चढल्या आणि तशाच धावत खाली आल्या. शास्त्रज्ञ गाडीत बसत होते. मी, प्राचार्य आणि आणखी पाच-सहा जण निरोप द्यायला गाडीभोवती उभे होतो. मॅडम धापा टाकत आल्या, हातात तीन बाटल्या. "सर, एक..." एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मी म्हणालो, "अहो मॅडम, साहेबांना शाल-श्रीफळ दिलंय. आता वर गोचिडं कशाला देताय?"

सगळे हसले. गाडीतले शास्त्रज्ञही जरासे हसले. त्यांनी हात जोडले, दार लागलं आणि गाडी गेली.

ते वाईट माणूस नव्हते. मी तेवढं बोललो नसतो तर त्यांनी दोन मिनिटं बाटल्या बघितल्या असत्या, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी हे का बोललो, याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलंय. द्वेष नव्हता. माझ्याभोवती मोठी माणसं उभी होती आणि त्यांना हसवता येतंय याचं मला सुख वाटत होतं. एवढंच. एवढ्याशा सुखासाठी मी त्या बाईची चार वर्षं धुळीला मिळवली.

आमच्याकडं प्रमाणपत्रं आधीच छापलेली असतात. दुसऱ्या दिवशी मी मॅडमचं प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं, "शोधनिबंध यशस्वीरीत्या सादर केल्याबद्दल". मनातून मला वाटत होतं की भरपाई झाली. नोकरीत त्या कागदाला किंमत असते. शेकडो जण न बोलता तो कागद घेऊन जातात.

त्या तासाभरानं माझ्या खोलीत आल्या आणि प्रमाणपत्र परत ठेवलं. "मी सादर केलं न्हाय, सर. खोटं कशाला?"

"अहो, राहू द्या. उपयोगी पडेल."

"उपयोगाचं मी वेगळं आणलंय," त्या म्हणाल्या, आणि वहीचा एक आखीव कागद माझ्यापुढं ठेवला. "रागानं न्हाय लिवलेलं. पुढच्या वेळी परिषद घेतली तर बघा."

मी तो त्यांच्यादेखत वाचला नाही. त्या गेल्यावर वाचला. सभेत आपण कसं वागावं, एवढाच मथळा होता. बोलणाऱ्याचं नाव नीट विचारून घ्यावं, आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढत बसू नये. कुणाच्या इंग्रजीला हसू नये. मराठीत विचारलेला प्रश्नही प्रश्नच समजावा. हात वर झाले तर शेवटच्या रांगेपासून सुरुवात करावी, पहिल्या रांगेला तसंही बोलायला मिळतं. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात नसावी. ज्यांच्या शेतातून, गोठ्यातून माहिती आणली त्यांची नावं पहिल्या पानावर असावीत. आणि खाली लिहिलं होतं, कुणाचीही चेष्टा माइकवरून करू नये, कारण तिचं उत्तर त्या माणसाला माइकवरून देता येत नाही.

मी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरला कुलूपही लावलं. का लावलं, कोण जाणे.

त्यानंतर मॅडम परिषदांना येत, पण हात वर होत नसे. तीन-चार वर्षांनी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. घरी सासूबाई आजारी, असं कारण अर्जात होतं. निरोपाच्या कार्यक्रमात मी त्यांच्याबद्दल चांगलं बोललो. तेही माइकवरून.

इथवर तुम्ही मला कदाचित माफ केलं असतं. पुढचं ऐका.

मध्यंतरी आमच्या कॉलेजच्या तपासणीला बाहेरून एक समिती आली. त्यांनी विचारलं, परिषदांमध्ये सर्वांना सन्मानानं वागवलं जावं यासाठी तुमची काही आचारसंहिता आहे का? आमच्याकडं काहीच नव्हतं. मला ड्रॉवर आठवला. तो कागद मी टाइप करून घेतला, भाषा जराशी कडक केली, किल्लीचं आणि माइकचं वाक्य गाळलं आणि फाइलला लावला. समितीच्या अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे पुस्तकातून उतरवलेलं नाही. अनुभवातून आलंय. कुणी लिहिलं?"

खोलीत प्राचार्य होते, रसायनाचे सर होते. मी म्हणालो, "मी... म्हणजे आम्ही सगळे बसलो होतो."

समितीनं टाळ्या वाजवल्या. ती आचारसंहिता आता आमच्या भिंतीवर चौकटीत आहे आणि खाली समन्वयक म्हणून माझं नाव आहे. आयुष्यभर ज्या बाईनं एकच विचारलं, की त्या माणसाचं नाव काय हो, तिचंच नाव मी पुसलं.

हे पोटात घेऊन मी दोन वर्षं काढली. मग यंदा परिषदेचं ठरलं तेव्हा एका रविवारी मी लोहाऱ्याची एसटी धरली. तिथून जीपनं त्यांच्या गावी गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही. दगडी कुंपणाच्या आत मोठं अंगण होतं आणि अंगणाच्या बरोबर मधोमध दोन शेळ्या खुंटीला बांधल्या होत्या.

मॅडमनी ओळखलं. "या सर. शेळीवालीकडं वाट चुकलात व्हय?"

आतून चहा यायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. गाडीजवळचं, कागदाचं, टाळ्यांचं, चौकटीचं. त्या ऐकत होत्या आणि मध्ये मध्ये एका शेळीचा कान उलटा करून बघत होत्या.

"छापलं व्हय? बरं झालं की," त्या म्हणाल्या. "लोकं वाचतात का?"

"मॅडम, माझं नाव आहे खाली."

"ते कळलं मला." त्यांनी शेळीचा कान सोडला. "किल्लीचं ठेवलंय का त्यात?"

"गाळलं."

"मग काय उपेग?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण चहाचा कप त्यांनी माझ्या हातात न देता कट्ट्यावर ठेवला.

मी विचारलं, त्या बाटल्या कुठं आहेत? म्हटलं, मी स्वतः घेऊन जातो, त्या शास्त्रज्ञांना गाठतो. त्या म्हणाल्या, "स्पिरिट उडून गेलं, सर. सगळी वाळून भुगा झालती. परसात पुरली. चिठ्ठ्या तेवढ्या काढून ठेवल्यात. नावं हायत त्यावर."

मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. पहिलं सत्र तुमचं. वेळेचं बंधन नाही. आणि मी मंचावरून सगळ्यांसमोर तुमची माफी मागणार आहे.

त्या पहिल्यांदा रागावल्या. "माझ्या नावानं परत माइक धरू नका. तुम्ही रडणार, लोक टाळ्या देणार, आणि मी पुन्हा मागंच उभी. मी न्हाय यायची."

"मॅडम, निदान श्रोता म्हणून या. प्रश्न विचारा."

"मला आता विचारायचं काही उरलं न्हाय, सर."

हे त्या इतक्या साधेपणानं म्हणाल्या, की मला वर बघवलं नाही. एखादी शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "त्या कागदात एक नियम राहिला होता. ध्यानात आलं का तुमच्या?"

"कुठला?"

"ताटाचा. मुद्दाम लिवला न्हाय. म्हटलं, एवढं तरी तुमचं तुम्हाला कळंल." मग म्हणाल्या, "यंदा कोण धरणार हाय?"

स्वागत समितीची यादी माझ्या खिशात होती आणि त्यात नव्यानं लागलेल्या तीन मुलींची नावं होती. त्यातल्या एकीचं वाचन दुपारी दोनला होतं.

परत आल्यावर मी सत्कार बंद करूया म्हणून प्राचार्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "पाहुण्यांना काय वाटेल?" मग मी यादी फाडली आणि भिंतीवरची चौकट काढून गाळलेली दोन वाक्यं घालायला आणि खालचं नाव बदलायला दिली. मॅडमचं नाव घालू का, हे मी त्यांना पत्रानं विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर ती जागा कोरी आहे. आणि परिषदेच्या दिवशी ताट मी धरलं.

रसायनाचे सर म्हणाले, "सर, मोरपंखी साडी कुठाय?" पुढच्या रांगेत हशा झाला. मीही हसलो. मग मला माझं हसणं ऐकू आलं आणि मॅडम त्या दिवशी कशा हसल्या असतील ते कळलं.

ताट जड असतं हो. पाचव्या पाहुण्यापर्यंत काही वाटत नाही. आठव्याला मनगटं भरून येतात, नारळ कडेला घरंगळतो आणि तो अडवायला हात मोकळा नसतो. दोन पाहुणे वाटेत होते, म्हणून प्राचार्यांनी पहिलं व्याख्यान सुरू करायला सांगितलं आणि मला खुणावलं, तिथंच थांबा, ते आले की लगेच उरकू. मी मंचाच्या कडेला ताट घेऊन उभा राहिलो.

वक्ता तरुण होता, हुशार होता. पडद्यावर एका गोठ्याचं चित्र आलं आणि तो म्हणाला, "ही माहिती आम्हाला एका स्थानिक शेळीपालक महिलेकडून मिळाली."

माझी नजर दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर गेली. ती रिकामी होती. सभागृहात दीडेकशे माणसं होती आणि एकही हात वर झाला नाही. मग आपणच विचारावं, असं मला वाटलं. पण हातात ताट होतं. ते ठेवायला टेबल शोधलं, तर मंचावर जागा नव्हती. मी तसाच उभा राहिलो, दोन्ही हात भरलेले, आणि वक्त्यानं पुढचं चित्र लावलं.